नेल्बाचे दोन किलो

पुएर्तो कार्दालमध्ये सगळ्यात जास्त धावपळ कोणाची असते, तर बेकारभत्त्यावर बसलेल्यांची. रेडिओवरचे शहाणे म्हणतात, फुकटचे पैसे मिळाले की माणसं लोळत पडतात. त्यांनी एकदा आमच्या गावात येऊन लोळून दाखवावं. गुरं मिळेनाशी झाली की मांसाचा कारखाना अर्ध्या लोकांना चार महिने घरी पाठवतो, सरकार भत्ता देतं, आणि गुरं आली की कारखाना पत्र पाठवून परत बोलावतो. पत्र आल्यावर जो गेला नाही, त्याने आपण होऊन नोकरी सोडली असं धरतात. त्या चार महिन्यांत गावातली गळकी छपरं शाकारून होतात, आजारी म्हाताऱ्यांना शहरातल्या डॉक्टरकडे नेऊन आणतात, कुंपणं रंगतात. आणि कार्निव्हलच्या गाण्यांची तालीम होते.

नेल्बा इरिगोयेन वजडीच्या खात्यात होती, सव्वीस वर्षं. गुरांची वजडी नि आतडी धुवायची, खरवडायची, उकळायची. बाई काडीसारखी, पण आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं उठून बसावं. त्या खात्यात यंत्रांचा एवढा गडगडाट, की शेजारणीकडे सुरी मागायची तर पोटातून ओरडावं लागतं. सव्वीस वर्षं ओरडून ओरडून तिचा गळा असा तयार झाला होता.

पहिल्यांदा भत्त्यावर बसवलं तेव्हा ती आठवडाभर रडली होती. पहाटे चारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. मग तिने घर घासलं, नवऱ्याचं सायकली दुरुस्त करायचं दुकान घासलं, शेवटी नवराच घासायचा राहिला. तो, ओबिदियो, मुकाट्याने थर्मास काखेत मारून नदीवर जाऊन बसायचा आणि नळीने माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, चोखत राहायचा. अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका संध्याकाळी ती परसात कपडे वाळत घालत होती, तर भिंतीपलीकडे ‘बिनघाईचे’ नावाच्या पथकाची तालीम सुरू होती. तिसऱ्यांदा सूर घसरला तेव्हा तिला राहवलं नाही. तिने भिंतीवरून डोकं वर काढलं.

“गाताय की बैल पाडताय?”

पथक चालवणारे दोन एलिसेओ, एकाच नावाचे गावातले दोन म्हातारे न्हावी, भिंतीपाशी आले. “तू गाऊन दाखव मग, तोंड वाजवायला काय जातं?”

तिने गाऊन दाखवलं. तेव्हापासून वरच्या पट्टीतला आवाज तिचा.

पण एक दुखणं होतं. पथकातल्या सतरा जणांत निम्मे कारखान्याचे, आणि परत बोलावणारं पत्र नेमकं जिल्ह्याच्या अंतिम फेरीच्या आधी येऊन टपकायचं. अकरा वर्षांत नेल्बाने अंतिम फेरीत निरोपाचं गाणं एकदाही म्हटलं नव्हतं. कार्निव्हल संपताना प्रत्येक पथक गावाचा निरोप घेतं, लोक उठून उभे राहतात, म्हातारे डोळे पुसतात. हे सगळं ती दुसऱ्या दिवशी वजडी खरवडताना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची. तिला त्याचं फार वाईट वाटायचं.

यंदाही शुक्रवारी पत्रं आली. आठ जणांना सोमवारी दुपारी एकच्या पाळीला हजर राहायचं होतं. अंतिम फेरी सोमवारीच रात्री नऊला, चाळीस किलोमीटरवरच्या शहरात.

दोन एलिसेओंच्या दुकानात सगळे तोंड पाडून बसले. मग नेल्बाच म्हणाली, “सोमवारी सकाळी दवाखान्यापाशी रक्तपेढीची गाडी येते ना? रक्त दिलं की त्या दिवशी भरपगारी सुट्टी. कायदा आहे.”



“कामावर जायच्या पहिल्याच दिवशी?” ढोलवाला म्हणाला.

“कायद्यात पहिला दिवस नको असं कुठं लिहिलंय? तुझ्यात रक्त आहे ना? मग दे.”

सोमवारी सकाळी आठ वाजता आठही जण रांगेत उभे. नेल्बाने कारखान्याचे पांढरे रबरी बूट पायात घालूनच आणले होते. घरून निघताना चुकून पाय त्यांतच गेले, इतकी सवय. नर्स तरुण होती आणि शिस्तीची होती. सात जणांचं रक्त बिनबोभाट गेलं. आठव्या खेपेला तिने वजनकाट्याकडे बोट केलं.

“बूट काढा, बाई.”

“राहू देत ना. थंडी वाजते.”

“फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात? काढा.”

काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. “पन्नास लागतात,” नर्स म्हणाली.

नेल्बा बाहेर आली, ओबिदियोच्या काखेतला थर्मास ओढून घेतला आणि अख्खा लिटर कोमट पाणी उभ्या उभ्या प्यायली. परत आत गेली. एकोणपन्नास.

“बाई, हे पाणी आहे. मला रक्त हवंय.”

“दोन तास थांबा, मी करते त्याचं रक्त.”

नर्सला हसू आवरेना, पण तिने सही केली नाही ती नाहीच. ज्या बाईने युक्ती काढली तीच तेवढी बाहेर राहिली. सातही जण दंडाला पट्ट्या लावून मान खाली घालून उभे होते, जणू चोरी त्यांनीच केली होती. “माझ्याकडे काय बघताय?” नेल्बा म्हणाली. “बिस्किटं खा आणि गळे सांभाळा.” आणि त्यांची पाठ वळल्यावर तिने डोळे पुसले.

दुपारी एकला पाच कमी असताना ओबिदियोने मोटरसायकल कारखान्याच्या फाटकापाशी उभी केली. तो दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यातले तीन त्याने इथे खर्च केले.

“आत की पुढे?”

रस्ता सरळ शहराकडे जात होता. आत गेलं नाही तर सव्वीस वर्षं पाण्यात. पण खरं सांगायचं तर तिला फक्त पगाराची काळजी नव्हती. आतल्या त्या लांब टेबलापाशी पाच बायका होत्या, ज्यांच्याशी ती सव्वीस वर्षं ओरडून बोलली होती. चार महिन्यांत तिला त्यांची आठवण आली होती, त्या वासाचीसुद्धा. ही गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण ऐकणाऱ्याने वेड्यात काढलं असतं. तिला भत्त्यावर बसणंही आवडायचं आणि परत कामावर येणंही आवडायचं. दोन्ही एकाच दिवशी येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

“आत,” ती म्हणाली आणि उतरली.

मुकादम विल्मार बेंतांकोर हातात यादी घेऊन फाटकातच उभा होता. “चार महिने आराम झाला, आणि आज सात जणांना रक्तदानाचा उमाळा? गावात साथ आलीय काय?”

“पुण्यकर्माची आहे,” नेल्बा म्हणाली.

“तुला नाही लागली?”

“माझं वजन भरेना.”

विल्मारने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि यादीवर खूण केली. पथकाचं त्याला ठाऊक होतं. गावात कोणाला ठाऊक नव्हतं?

आता एक गोष्ट विल्मारच्या लक्षात यायची राहिली होती, आणि नेल्बाच्याही. त्या सातांत चार जण सुरीवाले होते, गुरं पडल्यावर सोलून पोट उघडणारे. ते नाहीत तर पोटं उघडणार कोण, आणि पोटं उघडली नाहीत तर वजडी येणार कुठून? तीन वाजेपर्यंत तुरळक माल आला. चारला टेबल रिकामं. पाच बायका आणि नेल्बा हात पुसून उभ्या. यंत्रं नुसतीच गडगडत होती. साडेपाचला विल्मार आला, टेबलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि यंत्रं बंद केली. एवढी शांतता त्या खात्यात कोणी ऐकली नव्हती.

“घरी जा सगळ्या,” तो म्हणाला. “हजेरी पूर्ण लावतो. आणि तू, उद्या येणार ना?”

“सव्वीस वर्षांत कधी आले नाही?”

“मग इथे काय उभी आहेस?”

ओबिदियो फाटकाबाहेर होता. दुपारी एकपासून तिथेच होता, मातेची तिसरी खेप चोखत. ती दिसताच त्याने गाडीला किक मारली. चाळीस किलोमीटर नेल्बा त्याच्या कमरेला धरून सूर लावत गेली, आणि वाटेतल्या गायी माना वर करून बघत राहिल्या.

रंगमंचावर ती आली तेव्हा अंगात चमकीचा झगा होता आणि पायात पांढरे रबरी बूट, कारण जोडे घरी राहिले होते. ढोलवाला खुर्चीवर बसून ढोल वाजवत होता. रक्त देऊन आलेल्या तिघांना तोंडाला पांढरा रंग लावायची गरजच पडली नाही. पण निरोपाचं गाणं सुरू झालं, नेल्बाने वरची पट्टी घेतली, आणि लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. अकरा वर्षं जे ऐकत आली ते तिने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि गाता गाता ती रडली, आणि सूर मात्र तसूभरही हलला नाही.

‘बिनघाईचे’ तिसरे आले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मंगळवारी फाटकातून पहिली आत गेली ती नेल्बा, कानामागे चमकी तशीच. मधल्या सुट्टीत पाचही बायकांना सगळी हकीकत सांगून झाली आणि मग तिने डबा उघडला. पाव, त्यात चीज, वर अंडं, शेजारी रताळ्याच्या मुरंब्याचा जाड तुकडा. ते संपवून तिने दुसरा पाव काढला.

विल्मार आपला डबा घेऊन बाजूने चालला होता, थांबला. “एवढं खातेस कधीपासून?”

“आजपासून. पुढच्या कार्निव्हलला एक वर्ष आहे.”

 मग यादी काखेत मारून त्याने आपला डबा उघडला, त्यातला मांसाचा पाव उचलला, तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि पुढे निघून गेला.