पहिल्या पानावर काय?

छोट्या साप्ताहिकात काम केलेल्या माणसाकडे छापलेल्या बातम्यांपेक्षा त्या छापण्यावरून झालेली भांडणंच जास्त साठतात. एकोणीसशे साठच्या सुमारास मी यवतमाळच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. पहिल्या पानावर काय जाणार हे आमचे संपादक बापूसाहेब ठरवत. हुज्जत घालणं माझ्याकडे!

•

कळंबचा एक व्यापारी पेढे घेऊन आला. "नवीन दुकान काढलं, बातमी छापा."

बापूसाहेबांनी पेढा खाल्ला आणि ते म्हणाले, "दुकान उघडलं ही जाहिरात. बंद पडलं की या, फुकट छापतो!"

•

एका आठवड्यात जिल्ह्यात मंत्र्यांचे दौरेच दौरे. बापूसाहेबांना प्रत्येक मथळा मोठ्या टाइपात हवा. आमचे कंपोझिटर रहीमभाई अक्षरांच्या खिळ्यांचे खण चाचपून थकले आणि ओरडले, "साहेब, मोठे खिळे खतम! उरलेले मंत्री आता बारीकच निघतीन!"

•

बाभुळगावचे आमचे वार्ताहर म्हणजे तिथले गुरुजी. नाल्यावरचा पूल खचल्याची बातमी घेऊन ते स्वतःच आले. पोरं त्यावरूनच शाळेत जात.

"कोणी मेलं काय?" बापूसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग आतल्या पानावर."

गुरुजी जागचे हलले नाहीत. "साहेब, मंग कोणी मरेपर्यंत थांबून राहू काय?"

बापूसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पूल पहिल्या पानावर गेला.

•

झरीकडच्या जंगलात कोलाम आदिवासींच्या एका वस्तीवर गेलतो. विहीर आटलेली. बाया नाल्यात खड्डा खणून पाणी भरत होत्या. भीमाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, "तू कायले आला?"

"बातमी न्यायला."

"नेतं तं खरं. पाणी आणशीन काय?"

मी बातमी लिहिली. मंत्र्यांच्या भाषणाला जागा हवी म्हणून बापूसाहेबांनी ती काढून टाकली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा दिली.

"ही जुनी झाली रे!"

"विहीर अजून कोरडीच आहे, साहेब."

तरी काढली. मी देत राहिलो, ते काढत राहिले. शेवटी वस्तीवर जाऊन भीमाबाईला खरं ते सांगितलं.

"कोण छापू देत नाही? मले दाखव," म्हणत ती माझ्याबरोबर एस.टी.त बसली. कचेरीत आल्यावर तिनं सोबत आणलेल्या गडव्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं आणि त्यातलं पाणी पेल्यात ओतलं. गढूळ, तळाशी चिखल.

"घे बापू, पे. आमचे लेकरं हेच पेतेत."

बापूसाहेबांनी पेला उचलला. खाली ठेवला. भीमाबाई गडवा तिथंच ठेवून निघून गेली.

त्या आठवड्यात विहीर पहिल्या पानावर आली, मंत्र्यांचं नवं भाषण आत गेलं. अंक निघाला आणि एक पुढारी तणतणत कचेरीत शिरले. "मंत्रिसाहेबांचं भाषण आतल्या पानावर? काहून?"

बापूसाहेबांनी गडव्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"उन्हातून आलात. आधी पाणी घ्या!"