आत्याने चुलत्यांच्या तळपायाला गुदगुल्या केल्या

मंडळी, आज विंझरला माझे चुलते वारले; त्यांना उचलायच्या आधी त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी नव्वदीची आत्या, पुढं सरकली आणि त्यांच्या तळपायाला गुदगुल्या करायला लागली. "म्हातारीला भ्रम झालाय, धरा तिला," कुणीतरी ओरडलं. मीच तिला ओढून बाहेर आणलं. लाज वाटली होती मला.

ओट्यावर बसून ती बोलली. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. माझे आजोबा माळकरी. भजनावरून आले की आत्या आणि चुलत्यांसाठी मेल्याचं सोंग घ्यायचे. तळपायाला गुदगुल्या झाल्या की "रामकृष्ण हरी!" म्हणत उठायचे आणि दोघांना खांद्यावर घेऊन नाचायचे.

"एक दिस बा शेतातनं आलं आन् आडवं झालं. आमी दोघं गुदगुल्या करतोय, हसतोय. लई येळ. आईनं हंबरडा फोडला, तरी आमाला सोंगच वाटलं."

मग माझा हात धरून म्हणाली, "तवा भाऊ संगं व्हता रं."

तिला परत आत न्यायला उठलो, तर तिरडी उचललीच होती.

दोन मिनिटं दिली असती तिला, तर कुणाचं काय बिघडलं असतं, सांगा.