नावाडिणीविरुद्ध मत

लेओकादियाबाईंचे केस त्या मंगळवारी ठरल्यापेक्षा जास्त लाल झाले, आणि त्याला कारण कावळे होते.

बोग्ना शुल्त्सचा रंग लावून झाला होता, चांदीच्या कागदाच्या घड्याही घालून झाल्या होत्या. आता वाट बघायची म्हणून तिने आरशाला टेकवलेला फोन उचलला आणि दुसऱ्याच क्षणी इतक्या मोठ्यांदा "नाही!" म्हणाली, की शेजारच्या बेकरीतली बाई पिठाचे हात घेऊन दारात आली.

"काय झालं? कोण गेलं?" लेओकादियाबाईंनी विचारलं. त्यांच्या वयात पहिला प्रश्न हाच सुचतो.

"अजून कुणी गेलं नाही. पण माझ्या नावाडिणीवर टपलेत मेले!"

"कोण टपलेत?"

"कावळे!"

पोलंडमधल्या ग्रुजोंज गावात आमच्या ट्रामच्या वळणावर बोग्नाचं केस कापायचं दुकान आहे. ट्राम वळली की आरसे किंचित थरथरतात आणि गिऱ्हाइकं आपसूक मान स्थिर धरतात. बोग्ना सत्तावन्न वर्षांची आहे, आवाज दणदणीत, हात मात्र हलका. दुकान बंद केलं की मागच्या स्वयंपाकघरात काचेच्या पेल्यातला चहा आणि संगणकावर 'सात उतार', हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. पत्त्यांनी खेळायचं युद्ध आहे ते. दोन सैन्यं, मधे नदी. ज्याची माणसं पलीकडे जास्त, तो जिंकला. प्रत्येक पत्त्याला बळ असतं आणि किंमत असते. आपला कॅट आपणच निवडायचा, पण सगळ्या पत्त्यांची मिळून किंमत ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे.

तिला हा खेळ तिच्या नवऱ्याने शिकवला. झेमोवित बसच्या आगारात मेकॅनिक आहे, बोलायला कमी. पहिल्याच संध्याकाळी तिने शेकडो पत्त्यांमधून नावाडीण उचलली होती. डोक्याला रुमाल, हातात लांब वल्हं. "ही कुणाला मारत नाही," बोग्ना म्हणाली होती, "पलीकडे नेऊन सोडते. मला हीच पाहिजे." झेमोवित हसला होता, आणि नंतर हळूच त्यानेही आपल्या कॅटमध्ये नावाडीण घेतली होती.

नावाडिणीचं बळ चार. समोरच्याकडे हमखास असणारा तिरंदाज एका बाणात तीन बळ काढतो. म्हणजे बाण लागला तरी तिच्याकडे एक उरतं, आणि त्या एकावर ती नाव पलीकडे नेते. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो तो इथेच.

खेळ बनवणाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी नवे पत्ते काढणं थांबवलं आणि जुन्यांचा कारभार आम्हा खेळणाऱ्यांवर सोपवला. तेव्हापासून दर महिन्याला मतदान असतं. कुणाचं बळ एकाने वाढतं, कुणाची किंमत एकाने चढते. त्यावरून जी भांडणं होतात, ती पाहिली तर खऱ्या निवडणुका लोक झोपेत उरकत असावेत असं वाटेल.

क्राकुफच्या 'कावळे' मंडळाने त्या मंगळवारी आपली यादी जाहीर केली होती. सगळ्यात वर लिहिलं होतं: नावाडीण, बळ एकाने कमी.

चाराचे तीन. म्हणजे पहिल्या बाणातच ती बुडणार.

आणि तीन आठवड्यांनी पोझनानला देशाची अंतिम फेरी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोग्ना तिथे पोचली होती, यादीतल्या शेवटच्या जागेवर का होईना. नावाडिणीच्या जोरावरच पोचली होती. दुसरा कॅट तिला खेळता येत नव्हता असं नाही, पण ती स्वतःच म्हणायची, "दुसऱ्याची कात्री घेऊन स्पर्धेला जायचं का?"

"बोग्ना," लेओकादियाबाई आरशात बघत म्हणाल्या, "डोकं भाजतंय माझं."

* * *

"तिचं बळ वाढवायला मत देऊ," झेमोवित रात्रीच्या जेवणाला म्हणाला. झुरेकच्या आंबट सुपातलं उकडलेलं अंडं त्याने चमच्याने दोन भागांत कापलं. "सगळ्यांना सांगू. चाराचे पाच करा."

"अरे, ती सगळीकडे दिसते म्हणून लोक वैतागलेत. पाच कोण करून देणार?"

"मग कुणीच मत देऊ नये. आहे तशी राहू द्या."

"आहे तसं राहू द्या, असा रकानाच नाही त्या कागदावर!"

खरी अडचण तीच होती. मत फक्त बदलाला देता येतं. मात्र एक नियम आहे: एका पत्त्याला एका महिन्यात एकच बदल. दोन सूचना आल्या तर जास्त मतांची लागू होते, दुसरी गळते. त्यामुळे पत्ता वाचवायचा तर त्याच्यावर आपणच दुसरी, छोटी जखम करायची आणि तिला जास्त मतं मिळवायची. आमच्यात त्याला ढालीचं मत म्हणतात. मंडळं एकमेकांविरुद्ध ही चाल सर्रास खेळतात. पण आपल्या लाडक्या पत्त्यावर ती सहसा कुणी खेळत नाही.

बोग्नाने चमचा खाली ठेवला.

"किंमत वाढवायची," ती म्हणाली. "एकाने. आपणच."

"नावाडिणीची?"

"महाग होईल, पण बळ चारच राहील. बाण खाऊन पलीकडे जाईल."

"तिच्याविरुद्ध मत मी देणार नाही."

"विरुद्ध नाही रे, तिच्यासाठी!"

"कागदावर विरुद्धच लिहिलेलं असेल." झेमोवितने ब्रेड मोडला. "मी बळ वाढवायला मत देणार. विषय संपला."

विषय संपला म्हणणं त्याला सोपं होतं. जुने नावाडी, म्हणजे सुरुवातीपासून हाच पत्ता खेळणारे कित्येक लोक, झेमोवितकडे बघून मत देत. तो वर्षातून चार वाक्यं लिहायचा आणि म्हणूनच ती वाचली जायची. त्यांची मतं बळ वाढवण्याकडे गेली की ढालीला भोक पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या घरात त्या आठवड्यात मीठ मागायलासुद्धा 'जरा' आणि 'कृपया' लागू लागलं.

* * *

शनिवारी दुपारी सगळ्या मंडळांची आवाजी बैठक होती. बोग्नाने दुकानाच्या दारावर 'बंद' अडकवलं, फोन आरशापुढे ठेवला आणि कात्री हातात घेतली. कापायला कुणी नव्हतं, पण कात्रीशिवाय तिला बोलता येत नाही. मी, तिची खेळातली मैत्रीण, आणि लेओकादियाबाई खुर्च्यांवर होतो. बाई खेळत नाहीत, पण त्या केसांमुळे आता त्यांचाही या भांडणात वाटा झाला होता.

"मावशी आल्या!" कुणीतरी ओरडलं. आमच्यात सगळे तिला मावशीच म्हणतात. "मावशी, स्वतःच्या पोरीला बुडवायला निघालात म्हणे?"

"बुडवायला नाही, तिचा दंड भरायला. तुझ्यासारख्यांनी तिला पोलिसात दिलीय ना!"

हशा पिकला. मग यारेमा बोलायला आला. कावळ्यांचा म्होरक्या, तिशीतला, आवाज थंड आणि स्वच्छ. "मावशी, एक सरळ विचारतो. हे सगळं पोझनानसाठी ना?"

लेओकादियाबाईंनी माझा हात धरला.

"हो," बोग्ना म्हणाली. "पोझनानसाठी. मग काय तुझ्या लग्नासाठी? पण तूही जाणारच आहेस तिथे. आणि तुझ्या कॅटला नावाडिणीची भीती वाटते, हे तू यादीत लिहायचं विसरलास."

आता कावळेच मोठ्यांदा हसले. यारेमाही हसला. "भीती वाटते, मान्य. पण माझंही ऐका. दहापैकी सहा डावांत तीच. नवीन माणूस येतो, आठवडाभर तिच्याकडूनच हरतो आणि निघून जातो. खेळ कुणाशी खेळणार मग आपण? एकमेकांचे केस कापत बसायचं?"

"तेही वाईट नसतं," बोग्ना म्हणाली. मग कात्री खाली ठेवून हळू आवाजात बोलली. "तुझं खरं आहे रे. ती फार दिसते. म्हणून तर महाग कर म्हणते. ज्याला तिची खरी गरज आहे तोच तिला घेईल. पण बळ काढलंस तर तिला कुणीच घेणार नाही. चार जणांनी जास्त वापरली म्हणून नावच फोडून टाकायची?"

यारेमा म्हणाला, "माझं मंडळ ठरवून बसलंय, मावशी. मी शब्द फिरवू शकत नाही. पण कोण कुठे शिक्का मारतो, ते मी बघायला जात नाही."

"तिची किंमत वाढली, की तिला जास्त पैसे मिळतात का?" लेओकादियाबाईंनी फोनकडे वाकून विचारलं.

"ह्या कोण?" कुणीतरी म्हणालं.

"मी जिचं डोकं तुमच्यामुळे भाजलं ती!"

* * *

रविवारी सकाळी बोग्नाने झेमोवितला ओढून संगणकापुढे नेलं. "एक डाव खेळ. किंमत वाढली असं धरून मी माझ्या कॅटमधून एक पत्ता कमी करते. तू तुझा पूर्ण घे."

"कशाला?"

"भीती वाटते का?"

तो बसला. मी दोघांच्या मधे खसखशीचा रोल कापत होते. तिने नावाडीण टाकली, त्याने ताबडतोब तिरंदाज काढला. तीन गेले, एक उरलं. बोग्नाने श्वास रोखला, जणू उत्तर तिला माहीत नव्हतं. नाव सरकली. पलीकडे भाला घेतलेला एक म्हातारा उतरला, आणि त्या एका माणसामुळे झेमोवित हरला.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा खेळले. या वेळी एक पत्ता कमी असल्याचं तिला जाणवलं आणि ती हरली, पण थोडक्यात. तिसऱ्यांदा ती जिंकली. झेमोवित पडद्यावरच्या रुमालवाल्या बाईकडे बघत राहिला.

"अजून पूर्वीसारखीच दिसते," तो म्हणाला.

"तशीच आहे ती."

तो उठला, जाकीट चढवलं आणि मोटारसायकलच्या शर्यतीला निघून गेला. स्टेडियमचा घोंगावता आवाज दुपारभर विस्वा नदीवरून येत होता. मतदान संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. बोग्नाने त्याला एकही निरोप पाठवला नाही. फोन मात्र तिने इतक्या वेळा उघडला की शेवटी तो गरम झाला.

* * *

निकाल सोमवारी तीनला. या महिन्यात तो वाचून दाखवायची पाळी कावळ्यांची होती, म्हणजे यारेमाची. दुकानात खुर्च्या कमी पडल्या. बेकरीतली बाई आली, आगारातले दोघं आले, एक गिऱ्हाईक अर्धे केस कापलेले घेऊन तसंच बसून राहिलं आणि तक्रारही करेना. झेमोवित दारापाशी उभा होता, हात खिशात.

यारेमा खालून वर वाचत होता. घोडेस्वार, किंमत एकाने कमी. पुलावरचा पहारेकरी, बळ एकाने जास्त. प्रत्येक नावाला कुठेतरी कुणीतरी आनंदाने किंचाळत होतं, कुणीतरी शिव्या देत होतं. बाहेर ट्राम वळली, आरसे थरथरले.

"आता नावाडीण," यारेमा म्हणाला आणि मुद्दाम थांबला.

"वाच ना रे माकडा!" बोग्ना ओरडली.

"बळ एकाने जास्त... सदतीस मतं."

सगळ्यांनी झेमोवितकडे पाहिलं. सदतीस? जुने नावाडी तर कितीतरी जास्त होते.

"बळ एकाने कमी, नऊशे बारा."

बेकरीतल्या बाईने डोळे मिटले.

"किंमत एकाने जास्त," यारेमाचा थंड आवाज पहिल्यांदाच घसरला, "नऊशे चाळीस. मावशी, नाव वाचली!"

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. लेओकादियाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि शर्यतीत ओरडतात तशी आरोळी ठोकली. अर्धे केस कापलेल्या माणसाने बेकरीतल्या बाईला मिठी मारली. फोनमधून निदान दोनशे माणसं एकदम 'मावशी, मावशी' करत होती. मी माझा फोन उघडला तेव्हा जुन्या नावाड्यांच्या पानावर रविवारी संध्याकाळी, मतदान बंद व्हायच्या जरा आधी, झेमोवितने लिहिलेलं दिसलं: "मी तिची किंमत वाढवली. तुम्हीही वाढवा."

बोग्नाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. ती सरळ दारापाशी गेली आणि त्याच्या जाकिटाची कॉलर धरली. मला वाटलं, आता रडणार.

"सदतीस कोण होते?"

"गाढवं," झेमोवित म्हणाला. "सांगितलं तरी ऐकत नाहीत."

मग तिने त्याच्या गालांचे चटाचट मुके घेतले आणि कात्री उचलली. अर्धं डोकं अजून बाकी होतं. कापता कापता ती मोठ्याने हिशेब करू लागली: नावाडीण एकाने महाग, म्हणजे कॅटमध्ये कुठेतरी तेवढी जागा करायला हवी. तिरंदाज जाऊ शकत नाही. भालेवाला म्हातारा तर नाहीच.

"तुझा पाद्री काढते," ती म्हणाली.

झेमोवित ताठ झाला. तो पाद्री त्याने स्वतः निवडून तिच्या कॅटमध्ये घातला होता, पहिल्या हिवाळ्यात. तिने तो कधी काढला नव्हता.

"पाद्री? माझा पाद्री?"

"त्याच्या जागी स्वस्तातला कोळी चालेल."

"कोळी! पोझनानला? कोळी घेऊन?"

"मत कुणी दिलं?" बोग्नाने आरशातूनच विचारलं. कात्री चालूच होती.

मग एक खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला. "कोळी नको," तो म्हणाला. "ढोलवाला घे. बस, दाखवतो. चल, संगणक लाव."

"आधी हे डोकं पूर्ण होऊ दे," बोग्ना म्हणाली, आणि ते डोकं हसू लागल्यामुळे तिला कात्री क्षणभर बाजूला धरावी लागली.