सभासदांचं डिझेल

गिरणी बंद पडली त्या वर्षी युनियनची जीप आमच्या दारात येऊन उभी राहिली. माधवनगरच्या आमच्या चाळीत चार चाकांची तेवढीच एक गाडी. डिझेलची, साताऱ्याहून जुनी घेतलेली, कामगारांच्या वर्गणीतून. टपावर कर्णा, मागच्या बाकाखाली अॅम्प्लिफायर. बाबा युनियनचे सेक्रेटरी, म्हणून किल्ली आमच्या खुंटीला. मी पत्रकांवर वाढले. अक्षरं त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली, वह्यांना कव्हरं त्यांचीच घातली. त्यामुळे लोकांच्या पैशाची वस्तू घरच्या कामाला वापरायची नाही, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

जीप फक्त शनिवारी हलायची. शेजारचे चाचा, पूर्वीचे गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, ती चालवत. कोपऱ्यावरच्या गिरणीच्या फाटकापर्यंत जायचं, इंजिन बंद करायचं आणि बाबांनी तासभर कर्ण्यावरून बोलायचं. इंजिनाच्या धडधडीत भाषण ऐकू जात नाही, असं बाबा म्हणत. खरं कारण डिझेल वाचवणं हेच होतं. कर्णा सगळी वीज बॅटरीतून ओढायचा. ती भरून यायला गाडी पळावी लागते, आणि आमची गाडी पळतच नव्हती.

"आवं सेक्रेटरी," चाचा म्हणायचे, "आठवड्यातनं एकदा तासगावपतोर नेऊन आणतो की. बॅटरी जगंल."

"तासगावात युनियनचं काय काम?"

"काम काय न्हाई. गाडी पळाया पायजे."

"सभासदांच्या डिझेलवर हवा खायला जायचं नाही."

फार तर दारातच पाच मिनिटं चालू करायची परवानगी मिळे. त्याने उलटंच व्हायचं. स्टार्टर जेवढं ओढून घेई तेवढं त्या पाच मिनिटांत परत भरत नसे. "एक घास घालायचा आन् दोन काढून घ्यायचं," चाचा पुटपुटत.

पावसाळ्यानंतर बाबांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून आईला बाजूला घेतलं. पुन्हा असं झालं तर घरात शेक देत बसू नका, लगेच गाडीत घालून आणा, वेळ घालवलात तर हाताला लागणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून आई जीपकडे बघायला लागली. सभा संपली की पाना घेऊन बॅटरीची एक वायर सोडवायची, म्हणजे उभ्या गाडीत वीज झिरपत राहणार नाही. टोकांवर जमलेला पांढरा चुरा गरम पाण्याने धुवायची. चाळीतल्या बायका हसायच्या.

"वैनी, आता हिला हळदीकुंकवाला बोलवा!"

"बोलवीन. येळंला उभी तर राहू दे."

पण दर शनिवारी स्टार्टर आधीच्यापेक्षा जड फिरत होता. त्याच दिवसांत चाळ रिकामी होत गेली. मालकाने एक कुलूप गिरणीला लावलं आणि त्याची पिल्लं आमच्या दारोदारी लटकली. माणसं इचलकरंजीला मागावर निघून गेली, कुणी घरदारासकट कायमची, कुणी बायकापोरं मागे ठेवून महिना महिना. फाटकासमोर गर्दी जितकी विरळ, तितका बाबा कर्ण्याचा आवाज वाढवत. शेवटी शेवटी ते बंद फाटकाशीच बोलत होते, आणि कर्णा बॅटरी पीत होता.

एका रविवारी दुपारी जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. कपाळावर घाम फुटला होता. आईने विचारलं नाही, चाचांना हाक मारली. चाचांनी वायर जोडली, किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

रिक्षा बघायला कुणीतरी स्टेशनकडे धावलं. ढकलायला पुरुष कुठे होते? ज्यांच्या वर्गणीची गाडी, त्यांच्या दारांना कुलपं. बायका पदर खोचून आल्या. बाबांना मागच्या बाकावर आडवं केलं आणि आई, मी, सगळ्या मिळून रेटायला लागलो. पहिल्यांदा गाडी गटारापाशी अडकून थांबली. मागे घेऊन पुन्हा रेटली. चाचांनी गिअर टाकला, हिसका बसला, काळा धूर आला आणि इंजिन सुरू झालं. आई आणि मी पळत पळतच आत चढलो.

वाटेत रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी संपता संपेना. चाचांचा पाय अॅक्सिलरेटरवर. तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले.

"बंद करा. डिझेल जळतंय."

चाचांनी आरशातून आईकडे पाहिलं.

"पाय काडू नका," आई म्हणाली.

"अगं, सभासदांचं..."

"सभासद गेलं इचलकरंजीला. गाडी आमी ढकललीया."

बाबांचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, मी त्यांच्या बाजूने काही बोलावं म्हणून.

त्या दिवशी ते वाचले. पुढच्या वेळेबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईने अॅम्प्लिफायर काढून माळ्यावर टाकला, आणि दर गुरुवारी सकाळी चाचांच्या शेजारी बसून ती म्हणायची, "चला, तासगाव." बाबा हरकत घेत नसत. इंजिन सुरू झालं की ते भिंतीकडे तोंड करत. ती फेरी कशासाठी आहे हे साऱ्या चाळीला ठाऊक होतं.

आई गेली की मी त्यांच्या खाटेजवळ बसायचे. गाडी दारात नसायची. ती परत येईपर्यंत मी त्यांची पाठ श्वासागणिक वर-खाली होते की नाही, एवढंच बघत राहायचे.