सुओनावाले गाओआजोबा

अध्यक्षकाका, तुमच्या मुलीच्या लग्नात वाजलेली सनई चायनीज होती.

वाजवणारा माणूस काल सकाळी गेला. म्हणून आज सांगतोय.

मंडळाचं नाव लिहीत नाही. तुमचंही नाही. टॅग केलंय फक्त.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं. मी न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो, देसी लग्नांना आणि आपल्या मराठी मंडळाला साऊंड लावतो. कॉलेज दोनदा सोडलं. मंडळात माझी ओळख "तो वायरवाला".

गाओआजोबा आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये. वय ऐंशीच्या पुढे.

पहिली भेट पार्किंग लॉटमध्ये. एका मिनीव्हॅनचा हॉर्न अडकलाय असं वाटलं, म्हणून जाऊन काच ठोकली.

आत आजोबा. काचा बंद, तोंडात सनईसारखं काहीतरी, पुढे पितळेचा भोंगा. घरात वाजवलं की शेजारी कम्प्लेंट करतात, म्हणून गाडीत बसून रियाज.

"व्हॉट इज धिस?"

"सुओना," म्हणाले. "यू लाइक? सिट."

बसलो. कान दोन दिवस सुन्न. पण यार, माणूस थांबतच नव्हता. नाकाने श्वास आत, तोंडाने बाहेर, सूर तुटायचं नाव नाही.

त्यांच्या गावी लग्नालाही सुओना, मयतालाही सुओना. लग्नाला भोंग्यावर लाल कापड बांधायचं, मयताला पांढरं. तेराव्या वर्षापासून वडिलांबरोबर वाजवायचे. पंचक्रोशीतली सगळी म्हातारी माणसं यांनी वाजवत पोचवली.

एकदा फोनच्या ट्रान्सलेटरमध्ये काहीतरी बोलले आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"मी मेल्यावर इथे माझ्यासाठी कोण वाजवणार?"

 

आता तुमच्याकडे येतो, काका.

दोन वर्षांपूर्वीचा गणपती. तुम्हाला विचारून मी आजोबांची दहा मिनिटं ठेवली होती. तुम्ही फोनवर "हो हो" म्हणालात, ऐकलं नसणार. आजोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. सुओनाला लाल रेशमी कापड. महिनाभर घासून आरतीची चाल बसवलेली.

तुम्ही बॅकस्टेजला आलात. त्यांच्या तोंडाकडे बघितलंही नाही.

"अरे हे काय आणलंस? आपल्या संस्कृतीचा कार्यक्रम आहे हा. चायनीज भोंगे नकोत इथे. जेवून जा म्हणावं त्यांना."

आणि माशी हाकलतात तसा हात केलात.

मराठी त्यांना कळत नव्हतं. हात कळला.

घरी जाताना गाडीत त्यांनी ते लाल कापड सोडून घडी घातली. मग मला विचारलं,

"रेड राँग? युअर गॉड, व्हाइट बेटर?"

चूक आपलीच झाली असं वाटलं त्यांना. कापडाचा रंग चुकला असं वाटलं त्या माणसाला!

त्या दिवशी ठरवलं. काका, तुम्हाला सोडत नाही.

फार थांबायला लागलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात तुमच्या मुलीचं लग्न. पुण्याहून येणाऱ्या सनईवाल्याचा व्हिसा लटकला. तीन आठवडे आधी तुमचा फोन.

"बाळा," तुम्ही म्हणालात. वायरवाल्याचा एकदम बाळा झाला! "सनई कुठूनही आण. पण लाइव्ह पाहिजे हं. रेकॉर्डिंग चीप वाटतं."

"आहेत एक बुवा," मी म्हणलं. "पण फार सोवळ्यातले. पडद्याआड बसून वाजवतात. कोणाशी बोलत नाहीत, कोणी बघितलेलं चालत नाही."

"वा वा! अशीच माणसं पाहिजेत!"

आजोबांना सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला. मग डोळे पुसले आणि अट घातली. मुलीचा दिवस खराब करायचा नाही. सांगायचं ते मी मेल्यावर सांग.

तीन आठवडे मिनीव्हॅनमध्ये. सनईच्या क्लिप ऐकून सगळं कानाने उचललं. आवाज फार मोठा, म्हणून भोंग्यात माझा मोजा कोंबला. धुतलेला होता, टेन्शन नको.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये दोन पडदे होते. भटजींनी अंतरपाट काढला, अक्षता पडल्या. दुसऱ्या पडद्याआड आजोबा; तो हलू नये म्हणून मी क्लिपा मारल्या होत्या.

आणि आजोबांनी जो सूर लावला ना. केटररची पोरं ट्रे घेऊन तशीच उभी. काकू रडल्या. तुम्ही रडलात.

मग तुम्ही पडद्यापाशी आलात, चपला काढल्यात आणि जमिनीला डोकं टेकलंत. आत आजोबा हात जोडून. शेजारी मी, तोंडात रुमाल कोंबून.

आता शनिवारचं ऐका.

सकाळी अकराला फ्युनरल आहे. आसपास सुओना वाजवणारं कोणी मिळालं नाही. काल दिवसभर फोन केले. त्यांच्या मुलाकडे बापाचं एक रेकॉर्डिंग नाही. माझ्याकडे एकच आहे, नीट माइक लावून केलेलं.

तुमच्या मुलीच्या लग्नाचं.

तिला न विचारता लावत नाहीये. काल रात्री फोन करून तिला सगळं सांगितलं. 

"वेट. द मॅन बिहाइंड द कर्टन?"

मग हसली. मग रडली. मग म्हणाली, "प्ले इट. ऑल ऑफ इट."

ऑल ऑफ इट म्हणजे शेवटी तुमचा आवाजही आहे, काका. डोकं टेकताना बोललात ते. माइक चालूच होता.

"बुवा, असा सूर फक्त आपल्या मातीतच निघतो."

एकदम क्लिअर आलंय. कट करणार नाही. मी अर्थ सांगितला, आजोबांच्या मुलाने त्याचं चायनीजमध्ये ट्रान्सलेशन करून फ्युनरलच्या कार्डवर छापायला दिलंय.

यायचं तर या. नाही आलात तरी तुमचा आवाज येतोच आहे.

गाओआजोबा, वाजतगाजत निघा. इकडचं मी बघतो.