भाटव्यांचं ऑक्सिडीकरण

जगात जे काही बिघडतं ते ऑक्सिडीकरणानं, आणि जे काही चालतं तेही त्याच्याच जोरावर, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला. माझे भाटवे, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. समुद्रपूरच्या शाळेत ते रसायनशास्त्र शिकवत, आणि शाळा सुटली की उरलेलं गावाला. एसटीच्या थांब्यावरच्या गंजक्या पत्र्यापुढे उभे राहून प्रवाशांना सांगत, "लोखंडानं इलेक्ट्रॉन गमावले, याले म्हणतात ऑक्सिडीकरण. ऑक्सिजननं ते घेतले. कोणी गमावल्याबिगर कोणाले भेटत नाई." या नादात एकदा त्यांचीच बस निघून गेली. पाहुण्यानं भाकर मोडली की म्हणत, "खा, खा. आत जाऊन हेही हळूहळू जळूनच राह्यलं!" पाहुण्याचा घास हातातच राही.

सत्तरचं दशक सरताना त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं साक्षगंध, साखरपुडा, ठरला. मुलगा आंजी गावचा, शेतकरी घरचा, नुकताच नोकरीला लागलेला, आणि भाचीच्या मनात पुरता भरलेला. भाटव्यांना वाटलं, व्याह्यांसमोर काडेपेटीशिवाय समई लावून दाखवावी. ताटलीत पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड, वरून ग्लिसरीन.

"आज राहू द्या ना जी," बहीण म्हणाली.

"अवं, दोन थेंबांचं काम आहे."

दोन थेंबांनी लगेच काही झालं नाही. त्यांनी घाईनं सगळी बाटली ओतली, आणि व्याही वाकून बघत असतानाच भडका उडाला. व्याह्यांच्या उपरण्यानं पेट घेतला. कुणाला भाजलं नाही, पण मुलाची आई उठली. "शुभ कामात आग लागली. आमच्याच्यानं हे होत नाई." मंडळी न जेवता गेली. भाची नवी साडी घडी करून ठेवत बसली.

भाटवे पुढे कितीदा तरी आंजीला गेले. त्यांच्या ओसरीवर बसून म्हणाले, "चूक माही आहे, पोरीची नाई." चहा मिळाला, होकार नाही. भाचीचं लग्न नंतर दुसरीकडे झालं, चांगल्या माणसाशी. पण घरात ऑक्सिडीकरण हा शब्द पुन्हा निघाला नाही, आणि शाळेत भाटवे पुस्तकात होतं तेवढंच सांगू लागले.

काही वर्षांनी दिवाळीला भाची माहेरी आली होती. अंगणात चिंच लावून तांब्याची भांडी घासत होती. मधेच थांबून तिनं एक गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, वर धरला.

"बाबा, हे काळं काऊन पडते?"

उत्तर तिला ठाऊक होतं. ते ऐकतच ती मोठी झाली होती. भाटवे उठून तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "ठेवून ठेवून पडते, बाई."

आणि तिच्या हातातून गुंड घेऊन स्वतःच घासायला बसले.