ग्रीसचे हात

परवा रंगाऱ्यानं अंगणात रॉकेलनं ब्रश धुतले आणि त्या वासानं मला मंगरुळपीरचं आमचं दुकान आठवलं. हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. पंपाच्या कंपनीचे साहेब एजन्सी कोणाला द्यायची ते ठरवायला येणार होते, म्हणून मी ह्यांच्या पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री केली होती. ऐनवेळी आसेगावची एक म्हातारी ऑटोत मोटार घालून आली.

"तिचा संत्र्याचा बगीचा सुकून राह्यला," म्हणत हे तसेच मोटार उघडून बसले.

साहेब आले तेव्हा शर्टावर डाग होते. ह्यांनी ग्रीसनं माखलेला हात पुढे केला. साहेबांनी तो नुसता पाहिला आणि घाई आहे म्हणून निघून गेले. एजन्सी समोरच्या टापटीप दुकानदाराला मिळाली.

"कायले देतीन तुमाले? हात पाहा तुमचे! मलेच लाज वाटते," मी ओरडले.

हे मोरीत बसून रॉकेलनं हात घासत राहिले, कातडी सोलून निघेपर्यंत.

पुढे मुलीच्या लग्नात व्याह्यांनी हात पुढे केला, तर ह्यांनी आपले हात पाठीमागे नेले. मी शेजारीच होते. तेव्हाही बोलले नाही, आणि आता ऐकायला हे नाहीत.